एकाच माल्टी ॲम्बर एलला दर वेळी वेगळे गुण पडतात: दोष बाटलीत, ग्लासात की जिभेत?

एकाच बॅचच्या, एकाच दिवशी भरलेल्या ॲम्बर एलच्या, म्हणजे तांबूस रंगाच्या आणि माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या धान्याचा) जोर असलेल्या बिअरच्या, बाटल्या काही आठवड्यांच्या अंतराने उघडल्या जातात. पहिल्या बैठकीत तिला ५० पैकी ३८ गुण मिळतात आणि शेऱ्यात "कॅरॅमल छान, माल्ट भरपूर" असे लिहिले जाते. दुसऱ्या बैठकीत तोच परीक्षक २९ गुण देऊन "जड, गोडमिट्ट, लोण्याचा वास" असा शेरा मारतो. तिसऱ्या वेळी आकडा पुन्हा ३५ वर जातो. बिअर बनवणाऱ्याने यातून काय समजायचे, हा प्रश्न मग उरतोच. वर दिलेले तीनही आकडे माझ्याच वहीतले आहेत आणि शेरेही माझेच आहेत, त्यामुळे हा घोळ कसा होतो हे मला आतून ठाऊक आहे.

फिकट रंगाच्या हलक्या बिअरमध्ये दोष लगेच उघडा पडतो. माल्टी ॲम्बर एलचे तसे नसते. तिच्यात खरा दोष माल्टच्या आड लपतो, आणि कधीकधी निर्दोष माल्टलाच दोष समजले जाते, कारण कॅरॅमल, टॉफी, मध, मनुका हे जे शब्द आपण चांगल्या माल्टसाठी वापरतो तेच शब्द निदान तीन वेगवेगळ्या बिघाडांनाही लागू पडतात. म्हणून या बिअरच्या बाबतीत तपासाचा क्रम महत्त्वाचा आहे: आधी चाखण्याची परिस्थिती, मग बाटली, आणि सर्वांत शेवटी बिअर. बहुतेक जण नेमके उलट जातात.

आधी अपेक्षा तपासावी

बिअर जज सर्टिफिकेशन प्रोग्रॅमच्या, म्हणजे बीजेसीपीच्या, २०२१ च्या शैली-मार्गदर्शिकेत अमेरिकन ॲम्बर एल '१९अ' या क्रमांकाखाली येते. तिथे सुरुवातीची, म्हणजे आंबवण्यापूर्वीची, विशिष्ट घनता (पाण्याच्या तुलनेतली घनता; साखर जितकी जास्त तितकी ती जास्त) १.०४५ ते १.०६०, शेवटची १.०१० ते १.०१५, कडूपणा २५ ते ४० आयबीयू, रंग १० ते १७ एसआरएम आणि मद्यार्क ४.५ ते ६.२ टक्के अशा मर्यादा दिल्या आहेत. ही शैली अमेरिकन पेल एल या फिकट, हॉप्सवर (बिअरला कडूपणा आणि गंध देणाऱ्या फुलांवर) भर असलेल्या बिअरमधून फुटलेली असून कॅलिफोर्नियातील मेंडोसिनो ब्रुअरीने १९८३ मध्ये पहिल्यांदा बनवलेली 'रेड टेल एल' तिच्या सुरुवातीच्या नमुन्यांपैकी एक मानली जाते. या शैलीत माल्टकडे झुकलेल्या बिअर बसतात आणि हॉप्सचा बऱ्यापैकी जोर असलेल्याही बसतात. एका बैठकीत आपण मनात पेल एल धरून बसलो आणि दुसऱ्या बैठकीत माल्टची अपेक्षा धरून बसलो, तर चार-पाच गुणांचा फरक बिअर ओठाला लागण्यापूर्वीच पडलेला असतो. वहीच्या डोक्यावर "आज काय अपेक्षित आहे" हे एका ओळीत लिहून ठेवणे पुरते.

तापमान: सर्वांत मोठा आणि सर्वांत दुर्लक्षित गुन्हेगार

फ्रिजमधून काढलेली बाटली साधारण ४ अंश सेल्सिअसला असते. इतक्या थंडीत गंधाचे रेणू बिअरमधून फारसे उडत नाहीत, गोडी जिभेला कमी जाणवते, आणि द्रवात विरघळून राहिलेला कार्बन डायऑक्साइड तोंडात चुरचुरतो. परिणामी माल्टी बिअरसुद्धा कोरडी, कडसर आणि काहीशी मुकी वाटते. हीच बिअर १६ अंशांना आली की वायू सुटून गेलेला असतो, गोडी पुढे येते, मद्यार्काची ऊब जाणवू लागते आणि "जड" हा शब्द आपोआप लेखणीवर येतो. ॲम्बर एलसाठी ८ ते १२ अंशांचा टप्पा योग्य ठरतो, आणि मी स्वतः १० अंशांना गुण देतो.

खात्री करून घ्यायची असेल तर एक साधा प्रयोग करावा. एक बाटली फ्रिजमधून काढून ग्लासात ओतावी, स्वयंपाकघरातला डिजिटल थर्मामीटर जवळ ठेवावा आणि ५, ८, ११ व १५ अंशांना एकेक घोट घेऊन प्रत्येक वेळी फक्त तीन शब्द लिहावेत. मी हे पहिल्यांदा केले तेव्हा ५ अंशांना "कोरडी, कडू, स्वच्छ", ८ ला "बिस्किट, कडसर, हलकी", ११ ला "कॅरॅमल, गोलसर, खमंग" आणि १५ ला "पाक, सपाट, जड" असे लिहिले गेले. ग्लास तोच, बिअर तीच, आणि मधला वेळ जेमतेम अर्ध्या तासाचा. हे चार शेरे चार वेगळ्या बिअरचे म्हणून कुणाला दाखवले असते तर त्याने हसून मान्य केले असते. ग्लास तळहातात धरून बसण्याची सवय असेल तर तीही सोडावी, कारण थोडीशीच ओतलेली बिअर हाताच्या उबेने चटकन गरम होते.

हा फरक सर्व नमुन्यांना सारखा त्रास देत नाही. बैठकीत पाच-सहा नमुने असतील आणि सर्व बाटल्या एकदमच बाहेर काढल्या असतील, तर पहिली बिअर थंड म्हणून आणि शेवटची कोमट म्हणून मार खाते. बाटल्या एकेक करून, ओतण्यापूर्वी १० मिनिटे बाहेर काढल्या की अर्धा वाद मिटतो.

ग्लास, ओतण्याची पद्धत आणि क्रम

ग्लासाबद्दल थोडक्यात सांगतो. ओशट ग्लासात फेस टिकत नाही आणि बुडबुडे काचेच्या आतल्या अंगाला चिकटून बसतात. असे दिसले तर बिअरच्या फेसाचे गुण कापण्याआधी ग्लास बदलावा. साबणाचा अंश राहिलेला असेल तरी तोच परिणाम होतो. कपाटात उपडे घालून ठेवलेल्या ग्लासाला येणारा कुबट वास हा "बिअरला जुनाट वास" म्हणून वहीत गेल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत, म्हणून रिकामा ग्लास आधी हुंगून पाहणे ही सवय लावून घ्यावी.

ओतण्याबाबत मात्र जरा थांबायला हवे. बाटलीतच वायू धरू दिलेल्या बिअरच्या तळाशी यीस्टचा साका असतो. एक बाटली चार जणांत वाटली, तर पहिल्या ग्लासात स्वच्छ बिअर जाते आणि चौथ्यात, बाटली तीन वेळा आडवी-उभी होऊन ढवळलेला साका जातो. चौथा परीक्षक "गढूळ, पिठूळ, पावासारखा वास, शेवट किंचित उग्र" असे लिहितो आणि पहिला त्याच्याकडे आश्चर्याने पाहतो. दोघेही खरे बोलत असतात. यावर उपाय सोपा आहे: बाटली आदल्या दिवसापासून उभी ठेवावी, सगळी बिअर एकाच ओघात एका स्वच्छ जगमध्ये ओतून शेवटचा बोटभर भाग बाटलीतच सोडावा, आणि मग जगमधून वाटप करावे.

क्रमाचा परिणाम सगळ्यांना माहीत असतो, पण पाळत कोणी नाही. अतिशय कडू बिअरनंतर आलेली ॲम्बर एल गोडमिट्ट वाटते आणि आंबट बिअरनंतर ती सपाट वाटते. दोन नमुन्यांमध्ये साधे पाणी आणि बिनमिठाचा पाव किंवा क्रॅकर, आणि निदान तीन-चार मिनिटांची विश्रांती हवी. बैठकीपूर्वी तासभर कॉफी, टूथपेस्ट आणि अत्तर यांना सुट्टी द्यावी. नाक एकाच वासाला फार लवकर सरावते. एकाच ग्लासात सतत नाक खुपसून बसणाऱ्याला दोन मिनिटांनी माल्ट जाणवेनासा होतो आणि मग तो "गंध कमी" असे लिहून मोकळा होतो. ग्लास ओतल्याबरोबर दोन-तीन छोटे हुंगे घ्यावेत, ग्लासावर झाकण किंवा तळहात ठेवून तो बाजूला करावा, आणि मिनिटभराने पुन्हा हुंगावा.

"लोण्याचा वास" आला म्हणजे नेमके काय आले?

इथपर्यंतची सगळी काळजी घेऊनही वहीत "लोणी" किंवा "बटरस्कॉच" हा शब्द येत असेल, तर गोष्ट गंभीरपणे घ्यावी. माल्टी ॲम्बर एल तपासताना सर्वाधिक चुका इथेच होतात.

या वासाचा धनी डायॲसिटिल हा पदार्थ आहे. यीस्ट स्वतःसाठी व्हॅलिन हे अमिनो आम्ल तयार करत असताना अल्फा-ॲसिटोलॅक्टेट नावाचा एक मधला पदार्थ पेशीबाहेर झिरपतो, आणि बिअरमध्ये आल्यावर यीस्टच्या मदतीशिवाय, आपोआप त्याचे डायॲसिटिल होते. किण्वनाच्या शेवटी यीस्ट सुस्थितीत असेल आणि त्याला पुरेसा वेळ व ऊब मिळाली असेल, तर तेच यीस्ट हे डायॲसिटिल परत शोषून त्याचे जवळजवळ निर्गंध पदार्थांत रूपांतर करते. घाई झाली, बिअर लवकर थंड केली किंवा यीस्ट आधीच काढून टाकले, तर ते तसेच राहते. लिटरला सुमारे ०.१ मिलिग्रॅम एवढेसे प्रमाणही सरावलेल्या नाकाला कळते.

दुसऱ्या बाजूला क्रिस्टल माल्ट असतो. तो बनवताना ओले, मोड आलेले धान्य साधारण ६५ ते ७० अंशांच्या आसपास शिजू दिले जाते, त्यामुळे दाण्याच्या आतच पिठाची साखर होते, आणि मग ते भाजले जाते. भाजताना साखर आणि अमिनो आम्ले यांच्यात होणाऱ्या मेलार्ड अभिक्रियांमधून कॅरॅमल, टॉफी आणि खरपूसपणा येतो. टॉफी म्हटली की आपल्याला लोणी आठवते, कारण टॉफी लोण्यानेच बनते. शब्दाच्या या ओढीमुळे जीभ फसते. जीभ म्हणते टॉफी, मन म्हणते लोणी, आणि हात लिहितो डायॲसिटिल.

एका घरगुती बिअर बनवणाऱ्याला मी असेच ठामपणे "डायॲसिटिल" लिहून दिले होते. त्याने वाद घातला नाही. त्याने दोन बरण्या काढल्या. ती तपासणी मी इथे पूर्ण सांगतो, कारण तिने माझे बोलणे बरेच कमी केले. दोन सारख्या, स्वच्छ काचेच्या बरण्यांत प्रत्येकी साधारण १०० मिलिलिटर बिअर घ्यावी. ती आधी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात बऱ्याच वेळा ओतून तिच्यातला वायू घालवावा. ही पायरी टाळून बरणी घट्ट बंद करून तापवली तर ती फुटू शकते. दोन्ही बरण्यांच्या तोंडावर ॲल्युमिनियम फॉइल सैलसर बसवावे. एक बरणी ६५ अंशांच्या आसपासच्या गरम पाण्यात २० मिनिटे ठेवावी, दुसरी बाहेरच राहू द्यावी. मग गरम बरणी थंड पाण्यात ठेवून दोन्हींचे तापमान सारखे करावे. बरण्यांच्या बुडाला खुणा करून त्या दुसऱ्या कुणाला तरी अदलाबदल करायला सांगाव्यात, आणि मगच फॉइल उचलून हुंगावे.

तापवल्याने उरलेल्या अल्फा-ॲसिटोलॅक्टेटचे डायॲसिटिल झटपट होते. दोन्ही बरण्यांतून लोण्याचा वास आला तर दोष बिअरमध्ये आधीपासूनच आहे. फक्त तापवलेल्या बरणीतून आला, तर आज बिअर स्वच्छ आहे पण तिच्या पोटात पुढचा दोष शिल्लक आहे, आणि काही आठवड्यांनी तो बाहेर येईल. पहिल्या बैठकीत ३८ गुण मिळालेली बिअर महिन्याभराने लोण्यासारखी का लागते, याचे हे एक अगदी खरे उत्तर असू शकते. दोन्हींतून आला नाही, तर आपल्याला जो वास आला होता तो क्रिस्टल माल्टचा होता. माझ्या बाबतीत तिसरा निकाल लागला. बिअर बनवणारा सज्जन असल्यामुळे तो काही बोलला नाही, एवढेच.

तोंडात घेऊनही फरक ओळखता येतो, पण सरावाने. डायॲसिटिल जास्त असेल तर जिभेवर आणि टाळ्यावर बुळबुळीत, तुपकट थर बसल्यासारखे वाटते, आणि तो वास बिअर गरम होत जाईल तसा वाढत जातो. क्रिस्टल माल्टच्या कॅरॅमलला असा थर नसतो. त्याच्या शेवटाला वितळून तांबूस झालेल्या साखरेचा किंचित कडसरपणा असतो. माल्ट जितका गडद, तितकी चव कॅरॅमलकडून मनुका आणि जळक्या साखरेकडे सरकते. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: डायॲसिटिल ओळखण्याची क्षमता माणसागणिक फार वेगळी असते आणि काहींना ते जवळजवळ जाणवतच नाही. चार परीक्षकांपैकी एकालाच ते आले, तर तो चुकत आहे असे बहुमताने ठरवू नये.

लोण्याबरोबर आंबटपणा आणि गढूळपणाही वाढत असेल, तर पीडिओकॉकससारख्या जिवाणूंचा संसर्ग मनात धरावा. बाटलीत दोष नाही पण नळावरच्या त्याच बिअरमध्ये आहे, असे असेल तर नळी धुतली गेली नसण्याची शक्यता अधिक आहे, आणि त्याचे गुण बिअर बनवणाऱ्याच्या खात्यावर मांडणे अन्यायाचे आहे.

"गोड" आणि "माल्टी" यांतली गफलत

माल्टचा गंध हा गोड पदार्थांची आठवण करून देतो, म्हणून बिअर गोड नसतानाही गोड भासते. याची कसोटी नाक चिमटीत धरून एक घोट घेणे ही आहे. नाक बंद असताना जिभेवर जी गोडी उरते तेवढीच खरी गोडी. नाक सोडल्याबरोबर जो कॅरॅमलचा लोट येतो तो गंध आहे, आणि घशाकडून नाकात जाणाऱ्या त्या गंधाला आपण रोज चव म्हणत असतो.

नाक बंद असतानाही गोडी जड वाटली, तर हायड्रोमीटर (घनता मोजणारी तरंगती नळी) काढावा. बिअरमधला वायू पूर्ण घालवून, हायड्रोमीटर ज्या तापमानासाठी बनवला आहे त्या तापमानाला वाचन घ्यावे; बुडबुडे हायड्रोमीटरला वर उचलतात आणि वाचन खोटे वाढते. समजा, सुरुवातीची घनता १.०५२ होती आणि शेवटची १.०१२ आली, तर साखरेचा सुमारे ७७ टक्के भाग आंबवला गेला आणि मद्यार्क सव्वापाच टक्क्यांच्या आसपास आहे. ही बिअर कागदावर तरी गोड नाही आणि तिला गोडमिट्ट म्हणणाऱ्याने आपले तापमान आणि क्रम पुन्हा पाहावा. शेवटची घनता १.०१८ आली, तर आंबवणे ६५ टक्क्यांवर अडकले आहे, बिअर शैलीच्या मर्यादेबाहेर गेली आहे, आणि "जड" हा शेरा बरोबर आहे. घनता योग्य असूनही बिअर पाकासारखी लागत असेल, तर कडूपणा कमी पडला आहे का आणि वायू पुरेसा आहे का, एवढे दोनच प्रश्न उरतात. घनता तीच असली तरी वायू कमी असलेली बिअर गोड लागते.

इथे तुरटपणाचाही उल्लेख केला पाहिजे. मराठीत कडू आणि तुरट हे दोन वेगळे शब्द लहानपणापासून आपल्या तोंडात असतात, तरी गुणपत्रिकेवर दोन्हींसाठी "कडू" हाच शब्द पडतो. कडूपणा ही चव आहे आणि ती बहुतांशी हॉप्सची असते. तुरटपणा ही हिरड्या आणि गालांच्या आत कोरडेपणाने आकसण्याची जाणीव आहे, आणि माल्टी बिअरमध्ये ती बहुधा धान्याच्या टरफलांतून आलेल्या टॅनिनची असते. माल्टमधली साखर काढून घेण्यासाठी धान्य धुताना पाणी फार गरम झाले किंवा त्याचा पीएच (आम्लतेचे माप) फार वर गेला की ती वाढते. हे दोन शब्द वेगळे ठेवले तर बिअर बनवणाऱ्याला कुठे हात घालायचा हे कळते. त्याचप्रमाणे खमंग, खरपूस आणि करपट यांतही मराठीने फरक करून ठेवलेला आहे. ॲम्बर एलमध्ये खमंग हवेच, खरपूस चालेल, करपट मात्र दोष आहे.

जुनी झालेली बिअर अधिक "माल्टी" का वाटते

हा सापळा फसवा आहे, कारण यात नवखा परीक्षक गुण वाढवतो. ऑक्सिजन लागलेल्या ॲम्बर एलमधून सर्वप्रथम हॉप्सचा ताजा गंध जातो. त्यानंतर कॅरॅमल टॉफीकडे सरकते, मधासारखा आणि शेरी या द्राक्षमद्यासारखा वास येऊ लागतो, मनुका वाढतात, आणि शेवटी ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो. या पुठ्ठ्याच्या वासाशी ट्रान्स-२-नोनेनल हा पदार्थ जोडला जातो. मधल्या टप्प्यावर बिअर खरोखरच अधिक भरदार वाटते आणि शेऱ्यात "माल्ट अप्रतिम" असे येते.

ओळखण्याची खूण शेवटच्या चवीत आहे. ताज्या गडद माल्टच्या मनुकांनंतर तोंड स्वच्छ होते. ऑक्सिडेशनच्या मनुकांनंतर कागद चावल्यासारखी कोरडी, शिळी चव मागे रेंगाळते आणि कडूपणा खरबरीत लागतो. शब्दांनी हे शिकता येत नाही. एकाच बॅचच्या दोन बाटल्या घ्याव्यात, एक फ्रिजमध्ये आणि दुसरी घरातल्या उबदार कपाटात तीन आठवडे ठेवावी, आणि मग दोन्ही एकाच तापमानाला आणून शेजारी शेजारी चाखाव्यात. कपाटातल्या बाटलीचा जो फरक एकदा जिभेवर बसतो तो पुन्हा विसरला जात नाही. कपाट अंधारे असावे, कारण उजेडाने होणारा बिघाड वेगळा आहे: हॉप्सच्या कडू घटकांवर प्रकाश पडून स्कंक या दुर्गंधी सोडणाऱ्या प्राण्यासारखा उग्र वास येतो, हिरव्या आणि पारदर्शक काचेत तो लवकर येतो, आणि त्याची इतर कशाशीही गल्लत होत नाही.

फरक खरा आहे का, हे स्वतःला विचारणे

दोन बाटल्यांमध्ये फरक आहे असे वाटत असेल, तर त्रिकोणी चाचणी करावी. दुसऱ्या कुणीतरी तीन ग्लासांत बिअर ओतावी, दोनात एका बाटलीची आणि एकात दुसऱ्या बाटलीची, आणि वेगळा ग्लास कोणता हे आपण सांगावे. रंगाने चुगली होऊ नये म्हणून गडद ग्लास वापरावेत किंवा डोळे बांधावेत. नुसत्या अंदाजाने बरोबर उत्तर येण्याची शक्यता तीनात एक असते, म्हणून एकदा बरोबर आल्याने काही सिद्ध होत नाही. अशा सहा फेऱ्या कराव्यात. चार फेऱ्या बरोबर आल्या तर खुश होऊ नये, कारण चार किंवा त्याहून अधिक उत्तरे निव्वळ नशिबाने बरोबर येण्याची शक्यता दहा टक्के असते. पाच आल्या तर ती शक्यता दोन टक्क्यांच्याही खाली जाते आणि मग फरक मानायला हरकत नाही. सहा फेऱ्या एकाच दिवशी करू नयेत, जीभ थकते आणि मद्यही चढते. दोन दिवसांत तीन-तीन पुरेत.

एकाच दोषाची तीनदा शिक्षा

शेवटी गुणपत्रिका. बीजेसीपीच्या ५० गुणांची वाटणी गंध १२, रूप ३, चव २०, तोंडातील पोत ५ आणि एकूण छाप १० अशी आहे, आणि एकाच बिअरला दिलेल्या परीक्षकांच्या गुणांत साधारण सातहून अधिक अंतर राहू नये अशी अपेक्षा असते. माल्टी बिअरमध्ये हे अंतर मोडण्याचे नेहमीचे कारण असे की "जड" या एका जाणिवेसाठी चवीत चार गुण कापले जातात, तीच जाणीव पोताच्या रकान्यात पुन्हा दोन गुण खाते, आणि मनात बसलेल्या नाराजीने एकूण छापेतून आणखी तीन जातात. बेरीज नऊ होते. माझ्या वहीतला ३८ आणि २९ यांतला फरकही नेमका नऊचा होता.

तो उलगडायला मी जुनी नोंद पुन्हा काढली. २९ गुणांची बाटली त्या दिवशी पाचवी होती, तिच्या आधी एक फार कडू बिअर झाली होती, आणि तापमानाच्या रकान्यात मी काहीच लिहिले नव्हते, याचा अर्थ ती टेबलावर तासभर उभी होती. उरलेल्यांपैकी एक बाटली उघडून बरण्यांची तपासणी केली, तर लोणी कुठेच नव्हते. शेवटची घनता १.०१४ आली. दुसऱ्या बाटलीला १० अंशांना, पहिल्याच क्रमांकावर, आधी पूर्ण वर्णन लिहून आणि आकडा सर्वांत शेवटी टाकून मी ३६ गुण दिले, आणि शेजारी बसलेल्या परीक्षकाने, माझी वही न पाहता, ३४ दिले. त्याने दोन गुण ज्यासाठी कापले होते तो किंचित कागदी शेवट मला तोपर्यंत जाणवला नव्हता. त्याने सांगितल्यावर मी पुन्हा घोट घेतला, आणि तो होता.